रुमालाखालचा हात

हैदराबादला तिजारत, म्हणजे व्यापार, शिकून आलेल्या जुन्या लोकांचा एक संघ आहे. त्यांनी आपल्या मंडळींचं एक जाडजूड पुस्तक काढलंय. कोण सूतगिरणीचा मोठा साहेब झाला, कोण बँकेत वरच्या खुर्चीवर बसला, कोणी आपल्या गावात दवाखाना बांधला, असं सगळं त्यात फोटोसकट आहे. माझ्या धाकट्या भावाला चार पानं दिलीत. मोंढ्यातली रुमालाखालची बोली बंद करून उघडा लिलाव आणणारा पदवीधर, असं वर मोठ्या अक्षरात छापलंय. त्याच्या खाली खेड्यातल्या मुलांसाठी काढलेलं वसतिगृह, गाडीवानांसाठी बांधलेला निवारा, वाचनालय. सगळं खरं आहे. त्यानं ते केलं, मी नाही म्हणत नाही.

पण तिसऱ्या पानावर लिहिलंय की बोलीच्या गुप्त पद्धतीचा त्यानं स्वतः बारकाईनं अभ्यास केला. ते वाक्य मी चष्मा पुसून तीनदा वाचलं. माझी शाळा उर्दू चौथीत संपली, मराठी मी पुढं दुकानांच्या पाट्या वाचत शिकलो, तेव्हा वाटलं वाचण्यात आपलीच चूक झाली असंल. चूक नव्हती. भाऊ आता नाही, त्यामुळं त्याला विचारायची सोय उरली नाही. म्हणून मी लिहायला बसलो.

निजामाच्या राज्यात औरंगाबादच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, मी कापसाचा दलाल होतो. दलाल म्हटलं की आता लोक तोंड वाकडं करतात. तेव्हा तसं नव्हतं. कन्नडकडून, देवगाव रंगारीकडून, पैठणच्या अंगानं कापसाच्या गाड्या यायच्या. शेतकरी माल घेऊन अडत्याच्या ओट्यावर बसायचा आणि सरकी काढणाऱ्या कारखान्यांचे जिनवाले, व्यापारी माल बघायला यायचे. या दोघांच्या मधे मी. खांद्यावरचा मोठा रुमाल मी डाव्या हातावर पसरायचो. खरेदीदार त्याच्याखाली हात घालायचा आणि माझी बोटं धरायचा. एक बोट धरलं की एक रुपया, चार धरली की चार, अख्खा पंजा धरला की पाच. मधलं पेर दाबलं की निम्मा. तोंडानं आम्ही पावसापाण्याचं बोलत असायचो. एकाचा हात निघाला की दुसऱ्याचा आत जायचा. शेवटी मी रुमाल झटकायचो आणि माल कुणाला गेला, काय भावानं गेला, ते मोठ्यानं सांगायचो. समोर बसलेल्या शेतकऱ्याला तेव्हाच कळायचं.

हे काम मला एका उस्तादानं शिकवलं. म्हातारा मुसलमान होता, शहागंजच्या मागं राहायचा. मी सतरा-अठरा वर्षांचा असताना त्यानं माझा हात आपल्या हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाला, "हाथ अच्छा है. मुँह कैसा है?" म्हणजे तोंड बंद राहतं का. मी म्हटलं, राहतं. मग त्याच्या तळहातावर मी साखर ठेवली, त्यानं ती अर्धी स्वतः खाल्ली, अर्धी मला चारली. हाताचं जे काही आहे ते धंद्याबाहेरच्या माणसाला सांगायचं नाही, असं त्या साखरेवर कबूल करायचं असायचं. मोंढ्यात हिंदू असो, मुसलमान असो, प्रत्येक दलालानं ही साखर खाल्लेली होती.

दहा वर्षांत मी असा तयार झालो की नुसत्या स्पर्शावर माणूस ओळखायचो. कुणाला घाई आहे, कुणाच्या मागं दुसरा बडा व्यापारी आहे, कोण उगाच भाव चढवायला आलाय, ते हात सांगायचा. उस्ताद लोकांना म्हणायचा, "इस के हाथ को आँखें हैं." तेवढ्या एका वाक्यावर मी महिनाभर ताठ चालायचो.

धाकटा माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. वडील गेल्यावर त्याला मीच वाढवला. डोकं चांगलं होतं. मॅट्रिक झाला तेव्हा आमच्या आळीत मॅट्रिक झालेला तोच. पुढं हैदराबादला जाऊन तिजारत शिकायची म्हणाला. मला हसू आलं. मी म्हटलं, "तिजारत शिकायला हैदराबादला कशाला? उद्यापासून माझ्याबरोबर मोंढ्यात ये."

"दादा, ही तिजारत वेगळी," तो म्हणाला. "तिथं सगळ्या जगाचा बाजार शिकवतात."

"बरं बाबा. जगाचा शिकून ये. मग इथला मी शिकवतो."

ते बोलणं मी थट्टेत केलं होतं. तसंच घडायचं होतं, हे मला काय ठाऊक.

शेवटच्या वर्षी तो उन्हाळ्यात घरी आला तो एक वही घेऊन. त्याच्या उस्तादांनी, म्हणजे तिथल्या प्रोफेसरांनी, आपापल्या गावच्या बाजारावर लिहून आणायला सांगितलं होतं. दोन-तीन दिवस तो मोंढ्यात हिंडला. कुणी दाद दिली नाही. चौथ्या दिवशी दुपारी जेवून मी ओसरीवर आडवा झालो होतो, तो शेजारी येऊन बसला.

"दादा, रुमालाखाली नेमकं काय होतं?"

"हात असतात."

"ते दिसतं. पण बोटांचा हिशेब?"

"तो नाय सांगता येत. साखर खाल्लीय म्या."

त्यानं वही मिटली. लहानपणी काही मागायचं असलं की तो असाच गप बसायचा. थोड्या वेळानं म्हणाला, "माझ्या वर्गात सगळे मोठमोठ्या घरचे आहेत. कुणाचा बाप वकील, कुणाचा जहागीरदार. माझा भाऊ काय करतो विचारलं तर मी सांगतो, कापसाच्या भावाचं त्याच्याइतकं औरंगाबादेत कुणाला कळत नाही. ते विचारतात, म्हणजे काय कळतं? मला सांगता येत नाही."

ह्या बोलण्यानं मी विरघळलो. आज वाटतं, त्याला माझी नस बरोबर सापडली होती. खांद्यावरचा रुमाल मी ओढला, त्याच्या मांडीवर टाकला आणि म्हटलं, "घाल हात." त्याचा हात मऊ होता, मधल्या बोटाला शाईचा डाग. मी एकेक बोट धरून दाखवलं. तीन दुपारी मी त्याला शिकवत होतो. बायको आतनं म्हणाली, "अहो, घरातल्या घरात कुठला माल विकताय?" आम्ही दोघंही हसलो. त्या तीन दुपारींसारखा आनंद मला पुढं फारसा मिळाला नाही, हे इथं लिहून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी मी त्याला करंगळीही सांगून बसलो. ती गोष्ट अशी, की खरेदीदारानं भाव धरल्यावर करंगळीनं तळहाताला दोनदा टोचलं, तर त्याचा अर्थ, मी देतोय यापेक्षा कमी भाव पुकार, तुझा वाटा मी नंतर देईन. शेतकरी समोर बसलेला असायचा, त्याला पत्ता नसायचा. मी हे केलं का? केलं. दर गाडीला नाही, पण केलं. मोंढ्यात ज्यानं केलं नाही असा दलाल मी पाहिला नाही. मी त्याला हे का सांगितलं? शिकवायला बसलो तर अर्धं शिकवायचं नसतं, एवढंच मला तेव्हा वाटलं.

तो परत गेला, पास झाला आणि तालुकदार साहेबांच्या कचेरीत चांगल्या जागेवर लागला. तालुकदार म्हणजे आताचा कलेक्टर. अंगात शेरवानी, डोक्यावर टोपी. उस्ताद मला म्हणाला, "तेरा भाई तो साब हो गया रे. अब तू भी कुर्सी पे बैठेगा क्या?" मी म्हटलं, "ओटाच बरा." पण आतून मी फुललो होतो.

सात-आठ महिन्यांनी मोंढ्यात दवंडी झाली. बाजाराच्या सुधारणेबद्दल कचेरीत इजलास, म्हणजे सुनावणी आहे, अडते, दलाल, शेतकरी सगळ्यांनी हजर राहावं. आम्ही गेलो. मोठं दालन भरलं होतं. समोर टेबलामागं तालुकदार साहेब, बाजूला उभा माझा भाऊ, हातात कागद. त्यानं वाचायला सुरुवात केली, आधी उर्दूत, मग मराठीत. एक बोट, चार बोटं, पंजा, पेर. मला वाटलं इथवर थांबंल. तो थांबला नाही. करंगळीवर आला. शेतकऱ्याचा माल कसा त्याच्याच समोर स्वस्तात जातो, हे त्यानं इतकं नीट सांगितलं की पाठीमागं बसलेले खेड्यातले लोक एकदम कुजबुजायला लागले.

मला आधी वाटलं, आता आपलं नाव येणार. मग, खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. एवढ्या मोठ्या दालनात माझी विद्या कुणीतरी वाचून दाखवत होतं आणि साहेब मान हलवत होते.

वाचणं संपल्यावर एक जाड अडत्या उठला. म्हणाला, "हुजूर, हे यांना कुणी सांगितलं? कुठल्या दलालानं सांगितलं असंल तर त्याचं नाव घ्या. नाहीतर हे घरी बसून लिहिलेलं."

साहेबांनी भावाकडं पाहिलं. भावानं माझ्याकडं पाहिलं नाही. तो म्हणाला, "कुणी सांगितलं नाही. मी स्वतः पाहून अभ्यास केलाय. हैदराबादला आम्हाला हेच शिकवतात."

त्याचं म्हणणं पुढं असं की त्यानं मला झाकलं. कदाचित झाकलंही असंल. शहाणा माणूस तिथं खाली मान घालून बसला असता आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर जाऊन रुमाल पसरला असता. पण माझ्या कानात एकच गेलं, कुणी सांगितलं नाही. तीन दुपारी त्याची बोटं धरून बसलो तो मी कुणीच नव्हतो.

मी उभा राहिलो. "हुजूर, हे म्या सांगितलं. हा माझा धाकटा भाऊ. ह्याला पंजा आन पेर ह्यातला फरक कळत नव्हता."

मागचे दलाल एकमेकांकडं बघायला लागले. भावाचा चेहरा पांढरा पडला. साहेबांना मात्र गंमत वाटली. त्यांनी मला पुढं बोलावलं. म्हणाले, "आप बताइये." स्वतःचा रेशमी रुमाल टेबलावर पसरला आणि खाली हात घातला. जाड बोटं, एकात खड्याची अंगठी. मी त्यांना सगळं धरून दाखवलं. शेवटी करंगळीनं दोनदा टोचलं. साहेब मोठ्यानं हसले, म्हणाले, "वल्ला, कमाल है." मीही हसलो. अधिकाऱ्याचा हात माझ्या हातात होता आणि सगळा मोंढा बघत होता. भाऊ कागद धरून बाजूला उभा होता.

मग मी मागं वळून पाहिलं. उस्ताद दाराशी वाकून जोडे घालत होता. तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर गेलो. रुमाल पसरला. गाड्या आल्या, व्यापारी आले, माझ्या पुढून गेले आणि शेजारच्या रुमालाखाली हात घालू लागले. कुणी मला शिवी दिली नाही, कुणी भांडलं नाही. दुपारपर्यंत माझ्या रुमालाखाली एकही हात आला नाही. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मी उस्तादाच्या घरी गेलो. त्यानं आत बोलावलं, पाणी दिलं, पण माझ्याकडं पाहत नव्हता.

मी म्हटलं, "चाचा, भाई ने मेरा नाम नहीं लिया. इस लिए मैं उठा."

"हौ, मालूम है," तो म्हणाला. "वो लड़का समझदार निकला. नाम नहीं लिया. तू ने लिया." मग माझ्या हातातलं भांडं घेऊन म्हणाला, "मेरे पास अब नको आना."

त्यानं माझ्या हाताचं एवढं कौतुक केलं होतं, पण तो हात त्यानं पुन्हा हातात घेतला नाही. दोन वर्षांनी तो वारला. मी मातीला गेलो, लांब उभा राहिलो.

मी शहराबाहेरच्या एका जिनात सरकी तोलायला लागलो. दिवसभर कानात यंत्राची घरघर, नाकातोंडात कापसाचा भुगा. मोंढ्यातले हमाल वाटेत भेटले की म्हणायचे, "काय दलाल, सरकी बोटानं तोलता का काट्यानं?" मी म्हणायचो, "तुला काय करायचंय? तू पोतं उचल."

पुढं कायदा झाला. रुमाल बंद, उघडा लिलाव, आणि ज्याच्याकडं सरकारी परवाना त्यानंच भाव पुकारायचा. परवान्याला लिहिता-वाचता येणं लागायचं. भाऊ एका सकाळी छापील अर्ज घेऊन घरी आला. बायकोनं त्याला चहा दिला. तो म्हणाला, "दादा, मी भरतो सगळं. तुम्ही फक्त सही करा. परीक्षेचं मी बघतो."

"कशाची परीक्षा?"

"नावाला असते. दोन ओळी वाचायच्या."

"कापसाची न्हाई?"

तो हसला. "नाही, कापसाची नाही."

मी अर्ज बाजूला ठेवला. म्हटलं, "सही करतो. आधी तू एक काम कर. मोंढ्यात चल, ओट्यावर उभा राहा आन सगळ्यांपुढं सांग, की मला हे माझ्या भावानं शिकवलं."

"अहो, ते सगळ्यांना कळलंच की."

"म्या सांगितल्यानं कळलं. तू सांग."

"दादा, मी साहेबांसमोर एकदा म्हणालोय की मी स्वतः अभ्यास केला. आता उलट बोललो तर मी तेव्हा खोटं बोललो असं होतं. नोकरी नवी आहे माझी."

"मग खोटंच बोलला होतास ना?"

"तुम्हाला वाचवायला बोललो."

"वाचव म्हणून म्या कवा म्हटलं होतं?"

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "एवढ्यासाठी तुम्ही परवाना घालवणार? आयुष्यभर सरकी तोलणार?"

"एवढ्यासाठीच."

बायको दारातून म्हणाली, "अहो, भावजी काय वाईट सांगायलेत का? घ्या की." तिच्यावर मी असा ओरडलो की ती आत गेली. भावानं अर्ज घडी करून खिशात घातला. जाताना वाकून पाया पडला. ते मला जास्त लागलं.

उघड्या लिलावाच्या पहिल्या दिवशी मी जिनात जायचं सोडून मोंढ्यात गेलो. बघायचं होतं कसा बोजवारा उडतो ते. भाऊ मधोमध उभा, शेजारी परवानेवाला पोरगेला माणूस, नवा कोट घातलेला. त्याला धागा लांब की आखूड हे तरी कळत असंल का, असं मनात म्हणत मी कडेला उभा राहिलो. देवगाव रंगारीच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याची गाडी पहिली लागली. त्यानं मला पाहिलं आणि हळूच जवळ आला.

"दलाल, हात घालून बघा बरं. काय सुटंल?"

मी कापसात हात घातला, पुंजका ओढून पाहिला. माल बरा होता, थोडा ओला. मी त्याला कानात भाव सांगितला. माझ्या आयुष्यात मी दिलेल्या अंदाजात फारसा फरक पडला नव्हता. तो म्हणाला, "तेवढा सुटला तरी पावलं."

लिलाव सुरू झाला. कोटवाला भाव पुकारत होता, व्यापारी ओरडून चढवत होते. मी सांगितलेल्या भावावर बोली आली, आणि मी मनात म्हटलं, संपलं. ती संपली नाही. एक जिनवाला पुढं गेला. दुसरा त्याच्या वर गेला. सगळ्यांसमोर मागं हटायची लाज वाटून तिसऱ्यानंही चढवलं. मी सांगितलेल्या आकड्याच्या बऱ्याच वर जाऊन माल सुटला. शेतकरी तोंड उघडं टाकून उभा होता. मग तो वळून माझ्याकडं बघायला लागला. रागानं नाही. नुसता बघत होता. इतकी वर्षं त्यानं आपला माल माझ्याच रुमालाखालून विकला होता.

मी गाड्यांच्या मागून निघालो, तेवढ्यात भावानं मला पाहिलं आणि गर्दीतून वाट काढत आला. घाम आलेला, टोपी तिरकी झालेली. लहानपणी निकालाचा कागद घेऊन यायचा तसा चेहरा.

"दादा, पाहिलंत? कसं झालं?"

एक शब्द बोलायचा होता. चांगलं झालं, एवढाच. त्याला दुसऱ्या कुणाच्या तोंडून तो नको होता, हे मला दिसत होतं. तालुकदार साहेब तिथंच खुर्चीत बसलेले असताना तो मला विचारायला आला होता.

मी म्हटलं, "आवाज लई झाला."

त्यानं टोपी सरळ केली. मग "बरं" म्हणाला आणि दुसऱ्या गाडीकडं गेला. पुढं त्यानं वसतिगृह बांधलं, निवारा बांधला, मोठमोठ्या लोकांनी त्याच्या गळ्यात हार घातले. सणावाराला येत राहिला, पाया पडत राहिला. मोंढ्याबद्दल मात्र त्यानं मला पुन्हा काही विचारलं नाही, आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही.